हिशेब मागण्याची विद्या

३० जानेवारी १९४८ हा दिवस दिल्लीतील एका सायंकाळमुळे देशाच्या स्मृतीत कायमचा काळवंडून गेला. त्याच दिवशी नांदेड जिल्ह्यातील उमरी या कापसाच्या जुन्या पेठेत हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या सैनिकांनी निजामी राजवटीच्या बँकेवर छापा घातला आणि वीस लाखांहून अधिक रुपये चळवळीसाठी ताब्यात घेतले. मराठवाड्यात या घटनेची आठवण निघते तेव्हा त्या धाडसाइतकाच आणखी एका गोष्टीचा उल्लेख अभिमानाने होतो. त्या रकमेचा हिशेब ठेवला गेला आणि संस्थान मुक्त झाल्यावर तो सादर करण्यात आला. जिवावर उदार झालेल्या माणसांनी बंदुकीबरोबर वहीही सांभाळली. सार्वजनिक पैशाचा हिशेब द्यावा लागतो आणि तो मागण्याचा अधिकार सामान्य माणसाला असतो, ही जाणीव त्यांच्या ठायी होती.

त्याच उमरी तालुक्यातील दहावीच्या मुलामुलींपुढे आज हिशेबाचाच, परंतु वेगळा प्रश्न उभा आहे. २०२४ साली तयार झालेल्या राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यात एक सूचना आली. दहावीच्या परीक्षेत गणित किंवा विज्ञान या विषयांत ३५ ऐवजी २० गुण मिळाले तरी विद्यार्थ्याला पुढच्या वर्गात जाऊ द्यावे. मात्र या विषयांच्या पुढील शिक्षणास तो पात्र नाही, अशा अर्थाचा शेरा त्याच्या गुणपत्रिकेवर असावा. ज्याला हा शेरा नको असेल त्याने पुन्हा परीक्षेस बसावे. वर वर पाहता ही योजना दयाळू दिसते. गणितात अडखळलेल्या मुलाची वाट मोकळी होते आणि कोणाचेही काही बिघडत नाही, असे तिचे समर्थन करण्यात येते.

या समर्थनातील सत्यांश नाकारण्याचे कारण नाही. दहावीच्या गणिताने दरवर्षी किती मुलांचे शिक्षण थांबवले याची गणती कोणी ठेवली असो वा नसो, खेड्यापाड्यातील प्रत्येक कुटुंबाला त्याचा अनुभव आहे. मुलगा नापास झाला की तो पुण्याच्या कारखान्यात कंत्राटी कामाला लागतो. मुलगी नापास झाली की तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. चित्रकलेत, भाषेत, शेतीच्या कामात किंवा यंत्रदुरुस्तीत हुशार असलेल्या मुलाला केवळ बीजगणिताच्या एका पत्रिकेपायी आयुष्यभर नापासाचा शिक्का वागवावा लागणे हा अन्यायच होय. तो दूर झाला पाहिजे. प्रश्न एवढाच आहे की, एक शिक्का पुसण्यासाठी दुसरा उमटवणे हा त्यावर उपाय ठरतो काय?

हा नवा शेरा कोणाच्या गुणपत्रिकेवर उमटणार आहे याचा विचार केला म्हणजे या दयेचे खरे स्वरूप ध्यानात येते. नांदेड वा लातूरच्या शिकवणीवर्गांचे शुल्क भरू शकणाऱ्या घरातील मूल वीस आणि पस्तीस यांच्यामध्ये सहसा अडकत नाही. अडकते ते ऊसतोडीच्या टोळीबरोबर शाळा सोडून गेलेले मूल. ज्या शाळेत गणिताची जागा रिकामी आहे आणि तो विषय दुसऱ्याच विषयाच्या शिक्षकाकडे सोपवलेला आहे, त्या शाळेतील मूल. घरकाम, पाणी आणि धाकटी भावंडे आवरून वर्गात येऊन बसणारी मुलगी. शासनाने शिक्षक दिला नाही, वर्ग भरवला नाही, आणि दहाव्या वर्षाच्या अखेरीस अपात्रतेचा शेरा मात्र मुलाच्या नावावर लिहिला, असा हा व्यवहार होईल. ज्याची चूक त्याच्या खात्यावर ती न टाकता दुसऱ्याच्याच खात्यावर टाकणाऱ्या मुनिमाला बाजारपेठेत काय म्हणतात हे उमरीच्या आडत्यांना ठाऊक आहे.

या प्रश्नाला इतिहासही आहे. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने शालेय शिक्षणाची पहिली दहा वर्षे सर्व मुलांना गणित आणि विज्ञान शिकवले जावे अशी शिफारस केली. या आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूरच्या मातीतून वर आलेले जे. पी. नाईक. शिक्षणातील समता, गुणवत्ता आणि संख्या यांच्या त्रांगड्याचा विचार त्यांनी आयुष्यभर केला. मुलांसाठी एक आणि मुलींसाठी दुसरा, प्रतिष्ठितांच्या घरांसाठी एक आणि कष्टकऱ्यांसाठी दुसरा, अशी अभ्यासक्रमाची फाळणी होऊ नये हा त्या शिफारशीमागील हेतू होता. महाराष्ट्रात दहावीची पहिली परीक्षा १९७५ साली झाली. तेव्हापासून आजवर त्या फाळणीकडे परत नेणाऱ्या अनेक चोरवाटा निघाल्या. शेऱ्याची ही वाट त्यांतलीच आहे. किंबहुना ती अधिक घातक आहे, कारण या वेळी फाळणीचा कागद विद्यार्थ्याच्याच हाती देण्यात येणार आहे.

त्याहीपूर्वी, १८८२ साली, हंटर आयोगापुढे निवेदन करताना महात्मा जोतीराव फुले यांनी शूद्रातिशूद्रांच्या मुलांसाठी प्राथमिक शिक्षणाचा जो आराखडा मांडला त्यात मोडी व बालबोध वाचन-लेखनाच्या बरोबरीने हिशेबाला स्थान दिले होते. सावकाराची वही, कुलकर्ण्याचा दप्तर आणि कारकुनाचा आकडा यांच्या पेचात रयत कशी सापडते हे जोतीरावांनी जवळून पाहिले होते. गणित हा त्यांच्या दृष्टीने बुद्धीचा अलंकार नव्हता. फसवणुकीपासून बचाव करण्याचे ते साधन होते.

दीड शतक लोटले तरी हे साधन अनावश्यक झालेले नाही. गावातला सावकार कर्ज देताना ‘तीन टक्के’ म्हणतो. ते महिन्याचे असतात. बँक टक्के सांगते ते वर्षाचे असतात. दोन्हीकडे शब्द एकच. पन्नास हजार रुपये दरमहा शेकडा तीनने घेतले तर सरळ व्याजानेच वर्षाअखेर अडुसष्ट हजार होतात, आणि व्याज दरमहा मुदलात मिळवत गेल्यास रक्कम एकाहत्तर हजारांच्या वर जाते. सरळव्याज आणि चक्रवाढव्याज यांतील हा फरक ज्या शेतकऱ्याला करता येत नाही त्याच्यासाठी पाठ्यपुस्तकातील तो धडा फुकट गेला. ऊसतोड मजुराची उचल, तिच्यातून मुकादमाने केलेली कपात आणि हंगामाअखेर अंगावर राहिलेली बाकी हेही गणितच आहे. आडतीवरच्या पट्टीतील हमाली आणि तोलाई हेही गणित आहे, आणि वीटभट्टीवरचा हजारी दरही गणितच आहे.

याहून वरच्या पायरीचे गणितही शेताच्या बांधापर्यंत येऊन पोहोचले आहे. पीकविम्याची भरपाई मंडळातील निवडक शेतांत केलेल्या पीक कापणी प्रयोगांच्या सरासरीवरून ठरते. उदाहरणादाखल पाच शेतांचे एकरी उतारे २, ३, ३, ४ आणि १३ क्विंटल आले असे धरू. सरासरी निघते ५ क्विंटल, आणि पाचांपैकी चौघे तिच्या खालीच राहतात. उंबरठा उत्पन्न ८ क्विंटल असेल तर नुकसान साडेसदतीस टक्के ठरते व भरपाई सर्वांना त्याच प्रमाणात मिळते. ज्याला दोनच क्विंटल पिकले त्याचे नुकसान प्रत्यक्षात पंचाहत्तर टक्के असते. तेरा क्विंटल पिकवणाऱ्याचे काहीच नुकसान नसते. सरासरी खोटी नव्हे. परंतु ती काय सांगते आणि काय झाकते हे समजल्याखेरीज तहसील कचेरीत उभे राहून नेमका प्रश्न विचारता येत नाही. किती शेते निवडली, ती कोणी आणि कशी निवडली, चिठ्ठ्या टाकून की रस्त्याकडेची सोयीची पाहून, हे तीन प्रश्न विचारणारी ग्रामसभा आणि केवळ घोषणा देणारी ग्रामसभा यांच्या सामर्थ्यात फार मोठे अंतर आहे.

योगायोग असा की, शेते यदृच्छेने निवडून पीक कापण्याची ही शास्त्रीय पद्धत भारतात ज्यांनी १९४० च्या दशकात रुजवली त्यांत पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे ही मराठी नावे अग्रभागी आहेत. सातारा जिल्ह्यातील बुध या खेड्यात जन्मलेल्या सुखात्म्यांनी पुढे अन्न व कुपोषण या प्रश्नांवर जागतिक पातळीवर काम केले. पदव्युत्तर वर्गात शिकवले जाणारे संख्याशास्त्र आणि सोयाबीनच्या शेतातील दहा हातांचा चौकोन यांच्यातील नाते इतके जवळचे आहे. शाळेपासून विद्यापीठापर्यंतचे गणित हा एकच रस्ता आहे. सोळाव्या वर्षी त्यावर फाटक लावणाऱ्यांनी ते कोणासाठी बंद होते याचा जबाब दिला पाहिजे.

आता मुले गणितात मागे का पडतात या प्रश्नाकडे वळू. उमरी परिसरात त्याचे पहिले उत्तर भाषेत सापडते. निजामाच्या काळात या भागातील शिक्षण उर्दूच्या छायेखाली होते. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने गणितासह सर्व विषय उर्दूतून शिकवण्याचा प्रयोग केला. देशी भाषेतून उच्च शिक्षण ही कल्पना थोर होती, परंतु मराठी घरातील मुलाला जमा, तफ्रीक, जर्ब, तक्सीम हे शब्द आधी घोकावे लागत आणि मग बेरीज-वजाबाकी. मुक्तीनंतर मराठी आली. आणि आता ‘सेमी इंग्रजी’च्या नावाने गणित पुन्हा मुलाच्या भाषेतून उठून गेले आहे. ज्या मुलाने समद्विभुज त्रिकोण हा शब्द नुकता कुठे आपलासा केला त्याला ‘आयसोसेलीस ट्रँगल’ पाठ करावा लागतो. त्रिकोणाच्या दोन बाजू सारख्या असल्या तर काय घडते हा खरा प्रश्न त्या दोन शब्दांच्या झटापटीत बाजूलाच राहतो. अर्थात मराठी परिभाषाही निर्दोष नाही. लसावि आणि मसावि ही आद्याक्षरे मुले मंत्रासारखी म्हणतात. विभाज्य म्हणजे काय आणि विभाजक म्हणजे काय हे त्यांच्यापैकी अनेकांना कोणी समजावून दिलेले नसते. १९७४ साली स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने जळगाव जिल्ह्यातील खिरोदा भागातील शाळांत आणि पुढे मुंबईच्या महापालिका शाळांतील दलित विद्यार्थ्यांबरोबर काम केले. मुलांची बुद्धी कमी पडत नाही, पुस्तकाची भाषा आणि मिळणारे साहाय्य कमी पडते, हाच धडा त्या कामातून मिळाला होता. तो सरकारी दप्तरात पडून राहिला.

भाषेच्या या प्रश्नाकडे आपला सुशिक्षित समाज किती हलकेपणाने पाहतो याचे प्रत्यंतर २०१९ साली आले. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’ या रूढ वाचनाच्या जोडीने ‘वीस एक’ असे वाचन सुचवण्यात आले. मराठीत आपण एकवीस म्हणताना आधी एकक उच्चारतो आणि लिहिताना मात्र आधी दशक लिहितो. त्यात एकोणतीस, एकोणचाळीस म्हणजे पुढच्या दशकातून एक उणे. आणि एकोणनव्वदच्या दहा घरे पुढे मात्र एकोणशंभर नसून नव्व्याण्णव. लहान मुलाला हे ओझे होते, म्हणून गणितज्ञ मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने जोडवाट दाखवली. तिची विधिमंडळापर्यंत थट्टा झाली. थट्टा करणाऱ्यांना हे ठाऊक नसावे की, उमरीच्या शेजारच्या धर्माबाद तालुक्यात, तेलंगणाच्या सीमेवर, तेलुगू बोलणाऱ्या घरांतील मुले ‘इरवै ओकटि’, म्हणजे शब्दशः ‘वीस एक’, असेच मोजतात आणि बाजारात कुठेही चुकत नाहीत. ती मुले मराठी शाळेत आली की त्यांना आपले मोजणे मोडून नवे शिकावे लागते. शिक्षकाला हे ज्ञात असेल तर तेलुगू मोजणीचा आधार घेऊन तो दशक-एकक चटकन शिकवील. नसेल तर मूल मठ्ठ ठरेल. त्या सूचनेवर मतभेद असू शकत होते. मुलाच्या अडचणीवर वाद व्हायला हवा होता, झाला तो विनोद.

पाया असा कच्चा राहिल्यावर त्यावर चढवलेले मजले डळमळणारच. २०२२ सालच्या ‘असर’ पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील पाचवीच्या मुलांपैकी जेमतेम चौथ्या हिश्श्याला तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणाला नापास करू नये असे सांगितले ते योग्यच होते. पण त्याच्या जोडीने मूल कुठे अडले हे रोजच्या रोज पाहण्याची जी जबाबदारी शाळेवर टाकली होती ती सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या तक्त्यांत विरून गेली. तक्ते भरले गेले, भागाकार राहून गेला. पुढे २०१९ साली कायदा बदलून पाचवी आणि आठवीला पुन्हा परीक्षा घेण्याची मुभा देण्यात आली. ताप मोजायचा नाही म्हणून थर्मामीटर फेकला, मग ताप वाढला म्हणून थर्मामीटर परत आणला. औषधाचे नाव मात्र दोन्ही वेळा कोणी काढले नाही.

दहावीच्या परीक्षेचे स्वरूपही तपासले पाहिजे. शंभरातील ८० गुण लेखी आणि २० अंतर्गत. लेखी पत्रिकेचा मोठा भाग पाठ्यपुस्तकातील आणि जुन्या पत्रिकांतील प्रश्नांच्या वळणाने जातो. त्यामुळे प्रमेयाची सिद्धता पाठ करणे हा गुण मिळवण्याचा बिनधोक मार्ग ठरतो. पायथागोरसचे प्रमेय विरामचिन्हांसह लिहून पूर्ण गुण घेणाऱ्या मुलाला, घराचा पाया आखताना गवंडी दोरीवर तीन, चार आणि पाच हात मोजून काटकोन कसा साधतो असे विचारले तर तो गोंधळतो. त्या गवंड्याला प्रमेयाचे नाव ठाऊक नसते. एकाजवळ शब्द आहेत, दुसऱ्याजवळ अर्थ आहे, आणि शाळा या दोघांची गाठ घालून देत नाही. कधीकधी तर तो गवंडी त्या मुलाचाच बाप असतो.

येथे ‘लातूर पॅटर्न’चा उल्लेख अपरिहार्य आहे. मराठवाड्यातील मुले राज्याच्या गुणवत्ता यादीत झळकू शकतात हे राजर्षी शाहू महाविद्यालयाने आणि लातूरच्या इतर संस्थांनी सिद्ध करून दाखवले, तेव्हा साऱ्या विभागाची मान उंचावली. मागासलेपण रक्तात नसते, ते संधीच्या अभावात असते, हे त्या यशाने दाखवून दिले. शिक्षकांचे अपार कष्ट, सरावाची शिस्त आणि वारंवार चाचण्या यांचे ते फळ होते. परंतु काळाच्या ओघात त्या कष्टांचा सांगाडा शिल्लक राहिला आणि आत्मा बाजाराने उचलून नेला. आज लातूर आणि नांदेड ही प्रवेशपरीक्षांच्या शिकवणीची मोठी केंद्रे आहेत. डॉक्टर व्हावयाचे असल्यास गणित लागत नाही, म्हणून दहावीत चांगले गुण मिळवलेली मुलेही गणिताला रामराम ठोकतात. गरीब मुलाला वीस गुणांवर गणित सोडायला लावायचे आणि संपन्न मुलाने नव्वद गुण मिळवून ते स्वखुशीने सोडायचे, अशा दुहेरी गळतीतून पुढे गणिताचा शिक्षक तरी कोण होणार?

या प्रश्नाचे उत्तर महाविद्यालयात मिळते, आणि ते उदास करणारे आहे. १९५८ साली औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ झाले, १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाने स्वतंत्र विद्यापीठ झाले. उच्च शिक्षणाचे दार गोदाकाठच्या खेड्यापर्यंत आले ही मोठीच गोष्ट घडली. परंतु दारामागे शिक्षक हवा. आज महाविद्यालयांतून कितीतरी ठिकाणी गणित शिकवणारा तरुण तासिका तत्त्वावर राबतो आहे. पदव्युत्तर पदवी आणि पात्रता परीक्षेचे प्रमाणपत्र खिशात असलेल्या या माणसाला तासागणिक मजुरी मिळते आणि सुट्टीच्या महिन्यात तीही मिळत नाही. वीटभट्टीवरचा मजूर हजारावर, हा तासावर, फरक एवढाच. अशा शिक्षकाने विद्यार्थ्याच्या शंकेसाठी झाडाखाली तासभर बसावे ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

परिणाम परीक्षेत दिसतो. अर्धवर्षाचे सत्र, त्यात ठरावीक प्रश्नसंच, त्यांची ठरावीक उत्तरे. विद्यार्थी लाग्रांजच्या प्रमेयाची सिद्धता एकही ओळ न चुकता लिहितो. पण बारा घटकांच्या गटाला पाच घटकांचा उपगट असू शकेल काय, असे विचारताच गप्प होतो. प्रमेयाने नेमके हेच सांगितले होते की, पाचाने बाराला भाग जात नाही म्हणून असा उपगट संभवत नाही. हीच त्रुटी ओळखून १९९३ साली प्रा. एस. कुमरेसन यांनी देशभरातील विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी गणित प्रशिक्षण शिबिरे सुरू केली. तेथे व्याख्यान कमी आणि प्रश्न अधिक, विद्यार्थ्याने फळ्यापाशी येऊन स्वतः विचार करायचा, ही पद्धत. असे काम काही थोड्यांसाठी होऊ शकते तर प्रत्येक जिल्ह्यात का होऊ नये?

मराठवाड्याच्या मातीला गणित परके आहे असे म्हणण्याचे धाडस तर कोणी करू नये. गोदावरीच्या काठच्या पार्थपुरात, म्हणजे अभ्यासकांच्या मते आजच्या परभणी जिल्ह्यातील पाथरीत, सोळाव्या शतकाच्या आरंभी ज्ञानराजाने ‘सिद्धान्तसुंदर’ हा ज्योतिर्गणिताचा ग्रंथ रचला. त्याचा पुत्र सूर्यदास याने भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’वर आणि ‘बीजगणिता’वर टीका लिहिल्या. ती विद्या मोजक्या घराण्यांत राहिली, बहुजनांपर्यंत पोहोचली नाही, हे तिचे दुर्दैव. लोकशाहीचे काम ती पोहोचवण्याचे आहे.

ती पोहोचू शकते याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ गणित शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांच्यापाशी बी.एस्सी.च्या पुढची पदवी नव्हती. त्यांनी शोधलेली गंमत चौथीच्या मुलालाही करता येते. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. उमरीच्या मुलांनी १९४८ घ्यावी. अंक उतरत्या क्रमाने लिहून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी : ९८४१ वजा १४८९, बाकी ८३५२. पुन्हा तसेच : ८५३२ वजा २३५८, बाकी ६१७४. यापुढे कितीही वेळा केले तरी ६१७४ च येते. कोणत्याही संख्येपासून निघाले तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत याच मुक्कामी पोहोचावे लागते. वजाबाकीच्या सरावाचा कंटाळवाणा तास या एका खेळाने शोधाचा तास होतो, आणि ‘असे का?’ हा प्रश्न मुलाच्या तोंडून आपोआप निघतो. कापरेकरांना मानाचे स्थान देण्यात विद्वानांनी कुचराई केली. १९७५ साली मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने त्यांच्यावर लिहिले तेव्हा जगाचे लक्ष गेले. शाळामास्तराला गणितज्ञ म्हणण्यास कचरणारा समाज शाळकरी मुलाला अपात्र म्हणण्यास मात्र कचरत नाही.

तेव्हा मागणी काय असावी? गणितापायी कोणाचे पुढचे शिक्षण अडू नये, हे मान्य करावे. परंतु गुणपत्रिकेवर कोणताही शेरा नसावा. मिळालेले गुण लिहावेत, आणि पुढे केव्हाही, विसाव्या वा तिसाव्या वर्षी, त्या विषयाची परीक्षा पुन्हा देण्याची वाट विनाशुल्क खुली ठेवावी. प्रत्येक माध्यमिक शाळेत गणिताचा कायम शिक्षक असल्याशिवाय त्या शाळेच्या मुलांचे गुण शासनाने कोणत्याही अपात्रतेसाठी वापरू नयेत. परीक्षेत न पाहिलेल्या प्रश्नांचे प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढवावे, आणि त्यासाठी शिक्षकांची तयारी आधी करून घ्यावी. व्याज, सरासरी, नमुना आणि शक्यता यांचे धडे सातबारा, आडतीची पट्टी, विम्याचे परिपत्रक आणि ग्रामपंचायतीचा ताळेबंद समोर ठेवून शिकवावेत. गणिताची पुस्तके मराठी व इंग्रजी शब्द शेजारी शेजारी देणारी असावीत, आणि सीमाभागातील शिक्षकाला तेलुगू-कन्नड मोजणीचा परिचय करून द्यावा. महाविद्यालयातील रिक्त जागा भराव्यात. पदवी परीक्षेत निदान एक भाग असा असावा की, ज्यात विद्यार्थ्याने परीक्षकासमोर फळ्यावर विचार करून दाखवावा.

यासाठी पैसा कोठून आणायचा असा प्रश्न येईल. तो प्रश्न जरूर विचारावा, कारण तोही हिशेबाचाच आहे. शिक्षकाची एक जागा वर्षभर रिकामी ठेवून शासन किती वाचवते आणि त्या वर्गातील साठ मुले पुढील चाळीस वर्षांत सावकाराला, मुकादमाला आणि दलालाला किती गमावतात, ही दोन आकड्यांची तुलना आहे. ती करता येणारी माणसे गावोगाव निर्माण झाली तर सत्तेला ते गैरसोयीचे होईल.

१९४८ साली उमरीतून गेलेल्या पैशाचा हिशेब दिला गेला तो स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्यांनी. त्या स्वातंत्र्यात जन्मलेल्या नातवंडांना निदान तो हिशेब तपासता यावा एवढे गणित शिकवणे, हे त्या पिढीचे देणे आहे. सोळा वर्षांच्या मुलाच्या गुणपत्रिकेवर अपात्रतेचा शेरा मारून हे देणे फिटणार नाही. उलट, व्याजासह वाढत जाईल. आणि ते व्याज सरळ नसते, चक्रवाढ असते.